क्लाउडचें हत्यार संगणकांत बसवितांना

पुणें-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून सुमारें ३० किलोमीटरांवर चाकण लागतें. खेड तालुक्यांतील हें गांव दीर्घकाळ दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध होतें: संग्रामदुर्ग हा भुईकोट आणि कांद्या-बटाट्याचा बाजार. बाजार आजहि भरतो. परंतु भोंवतालच्या माळांवर बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र अशांचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांना पत्र्याचे ब्रॅकेट, रबराचे बुश, दातेरी चक्रें, तारांचे जोड पुरविणारे लहान कारखाने त्यांच्या आश्रयास आले. अशा लहान कारखान्याची दौलत जितकी यंत्रांत असते तितकीच कागदांत असते. गिऱ्हाइकानें विश्वासानें दिलेलें ड्रॉइंग, मालाच्या तपासणीचे आंकडे, यंत्रावर चढवावयाचे प्रोग्राम, बिलें व चलनें, यांतील एक वस्तु हरवली तरी पुढील ऑर्डर हातची जाते. पूर्वीं हे सर्व लोखंडी कपाटांत असे आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कंबरेस असे. आज त्यांतील बराच भाग क्लाउडमध्यें असतो, आणि किल्लीचें रूप पालटलें आहे. ती किल्ली ज्या हत्यारास लावली जाते, तें हत्यार निरनिराळ्या संगणकांत कसें बसवावें, आणि बसवितांना नेमकें कशाकडे लक्ष द्यावें, हें कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येकास थोडें तरी ठाऊक असणें आतां आवश्यक झालें आहे.

क्लाउड या शब्दानें पुष्कळांची दिशाभूल होते. नांव ढगाचें असलें तरी वस्तु पूर्णपणें जमिनीवरची आहे. खेड तालुक्यांतील शेतकरी स्वतः शीतगृह बांधीत नाहीं. तो आपला बटाटा दुसऱ्याच्या शीतगृहांत भाड्यानें ठेवतो व पावती जपून ठेवतो. क्लाउडचा व्यवहार याच जातीचा आहे. मोठ्या कंपन्या हजारों संगणक एका इमारतींत मांडतात, त्यांना अखंड वीज व गार हवा पुरवितात, त्यांवर पहारा ठेवतात, आणि त्यांतील जागा व गणनशक्ति तासाच्या हिशेबानें भाड्यानें देतात. अॅमेझॉन या अमेरिकन कंपनीनें २००६ सालीं, मार्चमध्यें साठवणीची व ऑगस्टमध्यें भाड्याच्या संगणकांची सेवा सुरू केली, तेव्हांपासून या धंद्यास आजचें रूप आलें. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं भारतांत जीं तीन केंद्रें उघडलीं त्यांपैकीं एक खुद्द पुण्यास आहे. अॅमेझॉनचें मुंबई केंद्र २०१६ च्या जूनमध्यें व गूगलचें २०१७ सालीं सुरू झालें. तेव्हां चाकणच्या एखाद्या कारखान्याचा ‘ढग’ त्याच्यापासून कांद्याच्या गाडीच्या एका खेपेइतक्याच अंतरावर असूं शकतो.

या भाड्याच्या कोठाराचा कारभार दोन रीतींनीं पाहतां येतो. एक रीत म्हणजे ब्राउझरमध्यें त्या कंपनीचें पान उघडावें आणि माउसनें टिचक्या मारीत जावें. नवख्यास ही रीत सोयीची वाटते, आणि दोनचार वेळांचें काम असेल तर ती पुरेशीहि आहे. दुसरी रीत कमांडची. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची, एंटर दाबावयाचा, आणि कोठारांत काम व्हावयाचें. या दुसऱ्या रीतीचें महत्त्व एका साध्या उदाहरणानें स्पष्ट होईल.

पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यांत साप्ताहिक सुट्टी रविवारीं न घेतां गुरुवारीं घेण्याचा जुना प्रघात आहे. समजा, एका कारखान्यानें चांचणीच्या कामासाठीं क्लाउडमध्यें चार संगणक भाड्यानें घेतले आहेत. गुरुवारीं ते कोणीहि वापरीत नाहीं, परंतु चालू राहिले तर त्यांचें भाडें चढतच राहतें. दर बुधवारीं रात्रीं अकरा वाजतां कोणी तरी जागें राहून, पान उघडून, चार वेळां टिचक्या माराव्या, हें कितीसें टिकणार? तीच गोष्ट कमांडच्या ओळींत लिहिली, तर घड्याळाच्या सांगण्यावरून संगणक ती स्वतः पार पाडतो. शिवाय लिहिलेली ओळ दुसऱ्याच्या हातीं देतां येते, वाचतां येते, तपासतां येते. टिचक्यांची आठवण ज्याची त्यालाहि आठ दिवसांनीं राहत नाहीं.

मात्र लिहिलेल्या शब्दाचा अर्थ नीट जाणून घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेंत पानावरील ‘स्टॉप’ हें बटण दाबलें म्हणजे भाड्याचा संगणक बंद होतो व त्याची राखलेली जागाहि मोकळी होते. परंतु कमांडमध्यें ‘स्टॉप’ हाच शब्द लिहिला, तर संगणक बंद पडतो आणि जागा मात्र राखलेलीच राहते. सबब भाडें थांबत नाहीं. तें थांबविण्यास ‘डीअॅलोकेट’ असा निराळा शब्द आहे. अॅमेझॉनकडे ‘स्टॉप’ पुरतो. दोन्हीकडे संगणकास जोडलेल्या साठवणीचें भाडें चालू राहतें तें निराळेंच. बटण आणि कमांड यांचीं नांवें एक असून काम दोन, हा प्रकार विचित्र खरा. परंतु तो ठाऊक नसल्याची किंमत महिन्याच्या बिलांत मोजावी लागते.

या कमांडी समजणारें हत्यार संगणकांत आपोआप असत नाहीं. तें आणून बसवावें लागतें. अॅमेझॉनच्या हत्यारास ‘एडब्ल्यूएस’, मायक्रोसॉफ्टच्या हत्यारास ‘एझेड’ आणि गूगलच्या हत्यारास ‘जीक्लाउड’ अशी हांक मारावी लागते, अर्थात् रोमन लिपींत व लहान अक्षरांत. आतां अडचण अशी कीं, एकाच कारखान्यांतील सारे संगणक एका जातीचे नसतात. हिशेबाच्या टेबलावर विंडोज असतें, कारण हिशेबाचा प्रोग्राम तिच्यावर चालतो. ड्रॉइंग किंवा जाहिरात करणाऱ्या तरुणापुढें अॅपलचा मॅक असतो. कोपऱ्यांत रात्रंदिवस चालणारा सर्व्हर लिनक्सवर असतो. आणि प्रेसच्या शेजारीं, तेलाच्या वासांत, एखादा जुनाट विंडोजचा संगणक मापें नोंदवीत बसलेला असतो. मॅक आणि लिनक्स हे लांबचे कां होईना पण भाऊबंद आहेत. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ज्या युनिक्सचा पाया घातला त्याच्या चाली दोघांनीं उचलल्या. लिनक्स हें १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें काम आहे. विंडोजचें घराणें निराळें. म्हणूनच विंडोज आपल्या कप्प्यांचीं नांवें उलट्या तिरप्या रेघेनें तोडते आणि युनिक्सचे वंशज सुलट रेघेनें. हत्यार तिन्हीकडे एकच, कमांडहि एकच. परंतु घरोघरचें स्वयंपाकघर जसें वेगळें, तसें ठेवण्याचें ठिकाण वेगळें.

बसविणें या एका शब्दांत वस्तुतः तीन कामें दडलेलीं आहेत. अस्सल हत्यार आणणें हें पहिलें. संगणकास तें सांपडेल अशा जागीं ठेवणें हें दुसरें. आणि तें कोणाच्या हुकमानें चालतें हें ठरविणें हें तिसरें. घाईंत असलेला मनुष्य पहिलें काम कसेंबसें करतो, दुसऱ्यापाशीं अडतो, आणि तिसरें डोळे मिटून उरकतो. धोक्याच्या दृष्टीनें पाहिलें तर क्रम नेमका उलटा आहे.

पहिल्या कामांत फारसें कठीण कांहीं नाहीं. विंडोजवर अॅमेझॉन व मायक्रोसॉफ्ट दोघेहि ‘एमएसआय’ या नांवाची तयार पेटी देतात; ती दोनदां दाबली कीं प्रश्न विचारीत विचारीत हत्यार बसतें. नव्या विंडोजमध्यें ‘विनगेट’ नांवाचा एक कोठीवाला आहे. त्याला एका ओळींत सांगितलें तरी चालतें. मॅकवर अॅमेझॉनची ‘पीकेजी’ पेटी आहे, आणि ‘होमब्रू’ हा तेथील लोकप्रिय कोठीवाला आहे. लिनक्सवर मायक्रोसॉफ्ट व गूगल आपापल्या कोठारांचे पत्ते देतात. ते पत्ते उबंटु असेल तर ‘अॅप्ट’ला व रेड हॅटच्या कुळांतील असेल तर ‘डीएनएफ’ला कळवावे, म्हणजे पुढें नवी आवृत्ति आणण्याचें कामहि तेच करतात. अॅमेझॉनचा लिनक्सवरचा मार्ग थोडा हातकामाचा आहे. दाबून भरलेली ‘झिप’ फाइल आणावयाची, ती उलगडावयाची आणि आंतील बसविणारा प्रोग्राम मुख्य अधिकाऱ्याच्या अधिकारानें चालवावयाचा. हाच प्रोग्राम पुढें दुसऱ्यांदा चालविला तर हत्यार आधींच आहे असें सांगून तो थांबतो. नवी आवृत्ति चढवावयाची असल्यास त्याला ‘अपडेट’ असें स्पष्ट सांगावें लागतें.

पेटी घेतांना संगणकाचा मेंदू कोणत्या जातीचा आहे तें पाहावें. इंटेलच्या धर्तीच्या मेंदूची पेटी वेगळी व आर्म जातीच्या मेंदूची वेगळी. २०२० सालाच्या अखेरीपासून अॅपलनें मॅकमध्यें स्वतःचे आर्म जातीचे मेंदू घालण्यास आरंभ केला, आणि क्लाउडमध्येंहि ते स्वस्त भाड्यानें मिळूं लागले आहेत. त्यामुळें हा प्रश्न आतां नेहमींचा झाला आहे. आणि पेटी ज्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावी. शोधयंत्रांत नांव टाकल्यावर पहिल्या ओळींत जें दिसतें तें पुष्कळदां जाहिरात असते, आणि जाहिरात कोणीहि देऊं शकतो. अॅमेझॉन आपल्या झिप फाइलीबरोबर एक सहीची फाइल ठेवते. ती सही जुळवून पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. चाकणच्या कारखान्यांत कच्च्या मालाची एक सळई देखील तपासणीच्या दाखल्यावांचून आंत येत नाहीं. मग कोठाराचीं सर्व दारें उघडणारें हत्यार दाखला न पाहतां आंत घेण्यास कांहीं कारण दिसत नाहीं.

दुसरें काम नवख्यास सर्वांत अधिक रडवितें. हत्यार बसलें, पेटीनें ‘यशस्वी’ असें सांगितलें, आणि तरीहि काळ्या पडद्यावर हांक मारल्यावर संगणक म्हणतो, अशी कमांड मला ठाऊक नाहीं. येथें संगणक खोटें बोलत नसतो. प्रत्येक संगणकापाशीं ‘पाथ’ नांवाची एक यादी असते. कमांड लिहिली म्हणजे तो सगळें घर धुंडाळीत नाहीं. यादींतील कप्पे, त्याच क्रमानें, उघडून पाहतो, आणि ज्या कप्प्यांत त्या नांवाचें हत्यार प्रथम सांपडेल तें उचलतो. कप्पा यादींत नसेल तर हत्यार असून नसल्यासारखें. विंडोजवर पेटी हा कप्पा यादींत लिहिते खरी, पण आधींपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडली कीं पुष्कळदां सारें सुरळीत होतें, आणि तासभर डोकें खाजविणारा मनुष्य थोडासा ओशाळतो. मॅकवर होमब्रूचें ठिकाण इंटेलच्या संगणकांत एक आणि अॅपलच्या नव्या मेंदूच्या संगणकांत दुसरें आहे. जुन्या मॅकवरील यादी नव्यावर जशीच्या तशी नेली तर हीच फजीती होते.

याच्या उलट प्रसंग अधिक कपटी असतो: हत्यार सांपडतें, पण भलतेंच. अॅमेझॉनच्या हत्याराची दुसरी आवृत्ति २०२० सालीं आली. परंतु पायथनच्या ‘पिप’ या कोठीवाल्याकडून तें मागविलें तर पहिलीच आवृत्ति मिळते. दोन्हींचें नांव एक. यादींत ज्याचा कप्पा आधीं, तें हत्यार चालतें. अशा वेळीं लिनक्स व मॅकवर ‘व्हिच’ आणि विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकींत ‘व्हेअर’ असें विचारावें, म्हणजे संगणक आपण कोणत्या कप्प्यांतून हत्यार उचलतों तें सांगतो. त्यानंतर हत्यारालाच त्याची आवृत्ति विचारावी. विंडोजच्या पोटांत लिनक्स चालविण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टनें २०१६ सालीं दिली, ती वापरणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, त्या दोन बिऱ्हाडांचे कप्पे वेगळे आहेत. एका बिऱ्हाडांत बसविलेलें हत्यार व तेथें ठेवलेली किल्ली दुसऱ्यास आपली वाटत नाहीं.

बुधवार रात्रीच्या कमांडची खरी परीक्षा येथेंच होते. दिवसा टेबलाशीं बसून ती चालवून पाहिली असतां चोख चालते. रात्रीं घड्याळावर सोंपविली म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि शुक्रवारीं सकाळीं चारहि संगणक तापलेलेच सांपडतात. कारण असें कीं, लिनक्समधील ‘क्रॉन’ हा घड्याळजी कमांड चालवितांना मनुष्याची भरगच्च यादी घेत नाहीं. त्याची स्वतःची यादी अगदीं तुटपुंजी असते. शिवाय तो दुसऱ्याच कोणाच्या नांवानें काम करीत असेल, तर किल्लीहि त्याला त्या दुसऱ्याच्याच घरीं शोधावी लागते. म्हणून घड्याळावर सोंपवितांना हत्याराचें नुसतें नांव न लिहितां त्याचा पुरा पत्ता लिहावा, आणि कमांडनें काय उत्तर दिलें तें एका फाइलींत उतरून ठेवावयास सांगावें. ही खबरदारी न घेतल्यामुळें जें भाडें जातें तें कोणाच्या चुकीच्या खात्यांत मांडावयाचें, हा वाद मग महिनाअखेरीस होतो.

अवतरणचिन्हांचा घोटाळाहि येथेंच नोंदविलेला बरा. लिनक्सवर एकेरी अवतरणांत घातलेला मजकूर जसाच्या तसा पोंचतो. विंडोजच्या जुन्या खिडकीला एकेरी अवतरण समजतच नाहीं, तिला दुहेरीच लागतें. लांब ओळ तोडून खालीं नेण्याचें चिन्हहि तीन ठिकाणीं तीन प्रकारचें आहे. तेव्हां एका संगणकावर चाललेली ओळ दुसऱ्यावर उतरवून घेतांना ती चालली नाहीं, तर हत्यारास दोष देण्यापूर्वीं हीं चिन्हें पाहावीं.

आतां प्रेसशेजारच्या त्या जुनाट संगणकाकडे वळलें पाहिजे. त्यावर पुष्कळ ठिकाणीं अद्याप विंडोज ७ असते, जिचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनें १४ जानेवारी २०२० रोजीं सोडला. क्वचित् ती ३२ बिटांचीहि असते. अॅमेझॉनचें आजचें हत्यार ६४ बिटांच्या आणि कंपनीनें न सोडलेल्या विंडोजसाठींच आहे. अशा संगणकावर जुनें हत्यार कसेंतरी कोंबण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्या संगणकाच्या भिंती कोणी डागडुजी करीत नाहीं, त्यावर कोठाराची किल्ली ठेवणें धोक्याचें आहे. त्यानें आपलीं मापें कारखान्यांतल्याच एखाद्या नव्या संगणकास द्यावीं, आणि त्या नव्यानें तीं क्लाउडकडे पाठवावीं, हीच सरळ वाट. या जुन्या संगणकांत आणखी एक खोड असते. आंतील लहान बॅटरी संपली कीं वीज गेल्यावर त्याचें घड्याळ चुकतें. वरवर क्षुल्लक दिसणारी ही गोष्ट. परंतु अॅमेझॉनच्या सेवेकडे जाणारी प्रत्येक मागणी वेळेसह सही होऊन जाते, आणि साठवणीच्या ‘एस-थ्री’ सेवेंत हा फरक १५ मिनिटांहून अधिक असला तर किल्ली खरी असूनहि मागणी नाकारली जाते. घड्याळाचें महत्त्व सरकारनेंहि ओळखलें आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांत संगणकांचीं घड्याळें राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशीं जुळवून ठेवण्यास सांगितलें आहे. त्याच निर्देशांत नोंदी १८० दिवस जपाव्या आणि घुसखोरीची वर्दी ६ तासांच्या आंत द्यावी असेंहि आहे.

मोठ्या कारखान्याच्या आवारांत बसून काम करणाऱ्या पुरवठादाराच्या माणसास आणखी एक अडथळा भेटतो. तेथील जाळें बाहेर जाणारा सर्व मजकूर मधल्या चौकीवर उघडून पाहतें व स्वतःच्या सहीनें पुढें पाठवितें. हत्यारास ही अनोळखी सही दिसली कीं तें अडून बसतें. त्यानें अडणें योग्यच आहे. तेंच त्याचें काम. उपाय असा कीं, त्या आवाराच्या संगणक-विभागाकडून चौकीच्या सहीचा दाखला मागून घ्यावा आणि तो हत्यारास दाखवावा. परंतु ‘सही तपासूं नकोस’ असें सांगणारी एक सोपी खूण अॅमेझॉनच्या हत्यारांत आहे, आणि अडलेला मनुष्य ती लिहून मोकळा होतो. ती एकदां लिहिली कीं पुढें समोर चौकी आहे कीं चोर, हें हत्यार विचारीत नाहीं.

तिसरें काम किल्लीचें. अॅमेझॉनचें हत्यार बसल्यावर ‘कॉन्फिगर’ ही कमांड दिली असतां चार प्रश्न येतात: किल्लीचा क्रमांक, गुप्त किल्ली, कोणतें केंद्र, आणि उत्तर कोणत्या स्वरूपांत हवें. केंद्राच्या प्रश्नांत मुंबईच्या ऐवजीं अमेरिकेंतील व्हर्जिनियाचें नांव गेलें, तर वस्तु तिकडे तयार होतात आणि मुंबईच्या यादींत शोधणारा हताश होतो. बिल मात्र बरोबर येतें. पण ती चूक सुधारतां येते. पहिल्या दोन उत्तरांची गोष्ट निराळी आहे. तीं उत्तरें वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यांत, ‘क्रेडेन्शिअल्स’ नांवाच्या फाइलींत, साध्या वाचतां येण्याजोग्या अक्षरांत लिहून ठेवलीं जातात. त्यांना कुलूप नसतें. त्या संगणकावर त्याच नांवानें बसणारा कोणीहि, दुसऱ्या पाळीचा मनुष्य, दुरुस्तीस आलेला मेकॅनिक, किंवा एखाद्या बनावट ई-मेलमधून आंत शिरलेला प्रोग्राम, त्या दोन ओळी उतरून नेऊं शकतो. १६६० सालीं शाएस्तेखान चाकणच्या किल्ल्यावर आला तेव्हां फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें दोन महिने त्याला तटाबाहेर ठेवलें, आणि शेवटीं बुरुजाखालीं सुरुंग उडवावा लागला. या कोठारास सुरुंग लावावा लागत नाहीं. दोन ओळी हातीं पडल्या कीं जगाच्या कोणत्याहि कोपऱ्यांतून गिऱ्हाइकाचें ड्रॉइंग बाहेर जाऊं शकतें, किंवा कारखान्याच्या नांवावर डझनावारी मोठे संगणक भाड्यानें घेऊन त्यांवर आभासी चलन काढण्याचा उद्योग सुरू होऊं शकतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचें असतें. तें गेल्याचें समजलें कीं नुकसानभरपाईचा प्रश्न नंतरचा, पुरवठादारांच्या यादींतून नांव आधीं जातें.

म्हणून कायमची किल्ली लिहून ठेवण्याची ही जुनी रीत जेथें टाळतां येईल तेथें टाळावी. ‘एझेड’ला ‘लॉगिन’ म्हटलें म्हणजे तें ओळख पटविण्याची खिडकी उघडतें. मनुष्य आपल्या नेहमींच्या नांवानें व मोबाइलवरील दुसऱ्या खुणेनें ओळख पटवितो, आणि हत्यारास ठराविक मुदतीचा परवाना मिळतो. पडदा नसलेल्या सर्व्हरवर तें एक लहान संकेत देतें, तो दुसऱ्या संगणकावर जाऊन भरावयाचा. ‘जीक्लाउड’चें ‘इनिट’ ब्राउझर उघडतें, आणि अॅमेझॉननेंहि आपल्या हत्यारांत अशाच एकत्र प्रवेशाची सोय केली आहे. क्लाउडमधीलच भाड्याच्या संगणकावर काम असेल तर किल्ली मुळींच ठेवूं नये. त्या संगणकास एक भूमिका नेमून देतां येते, आणि तीमधून तो लागेल तेवढ्याच वेळापुरता परवाना घेतो. बुधवार रात्रीच्या कामास जो परवाना द्यावयाचा त्याला चार संगणक बंद करण्यापुरताच अधिकार असावा; ड्रॉइंगच्या कोठाराशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. मालकाच्या मूळ खात्याची किल्ली तर कोणत्याहि हत्यारास लावूं नये. कांहीं ठिकाणीं किल्ली प्रोग्रामच्या मजकुरांतच लिहून तो मजकूर चारचौघांत वाटला जातो. या सवयीस निष्काळजीपणा यापेक्षां सौम्य शब्द नाहीं.

एकाच संगणकावर दोन खातीं असतील, एक चांचणीचें व एक खऱ्या कामाचें, तर प्रत्येकास वेगळें नांव देऊन ठेवावें. आणि कांहीं पुसून टाकणारी कमांड देण्यापूर्वीं हत्यारास एकदां विचारावें कीं, तूं या घटकेस कोणाच्या नांवानें उभा आहेस. अॅमेझॉनकडे त्यासाठीं ‘गेट कॉलर आयडेंटिटी’ अशी कमांड आहे, मायक्रोसॉफ्टकडे ‘अकाउंट शो’. एका ओळीचें हें उत्तर न वाचल्यामुळें चांचणीचें समजून खऱ्या कामाचें कोठार रिकामें करणारीं माणसें अडाणी नसतात. तीं रात्रपाळीच्या शेवटीं थकलेलीं असतात.

औद्योगिक पट्ट्यांत माणसें नोकऱ्या लवकर बदलतात. आज या कारखान्यांत असलेला तरुण पुढच्या महिन्यांत भोसरीस किंवा तळेगांवास असतो, आणि त्याचा संगणक दुसऱ्याच्या पुढ्यांत येतो. नवा मनुष्य प्रथम काय करतो, तर आधींच्याचीं हत्यारें काढून टाकतो. विंडोजच्या यादींतून तें हत्यार नाहींसें होतें आणि टेबल साफ झाल्याचें समाधान मिळतें. परंतु अॅमेझॉनचें हत्यार काढलें तरी किल्लीची ती फाइल मागें राहते. ती हातानें वेगळी पुसावी लागते. जुने संगणक भंगारवाल्यास किंवा सेकंडहँड बाजारांत दिले जातात तेव्हां ती त्यांच्याबरोबर जाते. येथें क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम खात्यांत जाऊन ती किल्ली निकामी करावी. अॅमेझॉन एका माणसास एका वेळीं दोन किल्ल्या बाळगूं देते तें याचसाठीं, कीं नवी चालू करून, सर्व कामें तिच्यावर आणून, मग जुनी बंद करतां यावी. जुनी बंद केल्यावर दोन दिवस थांबून कोठें कांहीं अडलें नाहीं ना हें पाहावें, त्यांत एक बुधवारची रात्र यावी, आणि मग तिला कायमची काढून टाकावी. फाइल पुसणें व डिस्क कोरी करणें हें त्यानंतर. आणि भंगारवाल्याचा टेंपो सगळ्यांत शेवटीं.